न ढळलेला काटा

तेलविहीर कायमची बंद करण्यात आली, त्या सकाळी माझा काटा उद्घाटनाच्या दिवशी जिथे होता तिथेच होता.

मित्रांनो, मी एक जुना मीटर आहे. विहिरीतून निघणाऱ्या पाइपवर, पत्र्याच्या खोलीत माझे आयुष्य गेले. कारखान्यातून निघताना मी अचूक होतो आणि शेवटपर्यंत अचूकच राहिलो. माझ्या दुर्दैवाने त्याचा उपयोग कुणालाच झाला नाही.

सुरुवातीला देशाला लागणारे तेल जहाजांतून येई. मग आमच्यासारख्या विहिरी लागल्या, उत्पादन चढत गेले आणि साहेबलोक पाहुण्यांना माझ्याशेजारी उभे करून फोटो काढू लागले. पुढे देशाचे उत्पादन उतरले. जहाजे पुन्हा येऊ लागली. माझा काटा मात्र ढळला नाही, म्हणून माझे कौतुक दुप्पट झाले.

माझी काच रोज पुसणाऱ्या ऑपरेटरचा माझ्यावर आंधळा भरवसा होता. त्याच्या बायकोचा थोरला भाऊ त्याला दूरच्या शहरात, बसच्या आगारात नोकरी लावून देणार होता. डबा घेऊन आली की ती तोच विषय काढी. वस्तीतली घरे रिकामी होऊ लागली आहेत, दादा तरी जागा किती दिवस धरून ठेवणार, असे ती म्हणे. तो घास चावत माझ्याकडे बोट दाखवी.

"काटा हललाय का? मग आपण कशाला हलायचं?"

"त्या काट्याशीच लग्न करायचं होतं," असे म्हणून ती डबा आवरी.

अखेर दादाने ती जागा दुसऱ्याला दिली. त्यानंतरच्याच उन्हाळ्यात विहीर बंद करण्याचा आणि क्वार्टर सोडण्याचा हुकूम आला. शेवटचा व्हॉल्व्ह फिरवण्याआधी ती आली, तेव्हा हातात डबा नव्हता. ती माझ्याकडे बघत राहिली.

"अहो, हा तर अजून तिथंच आहे. मग आपल्यालाच का हाकललं?"

त्याने व्हॉल्व्ह बंद केला आणि पहिल्यांदाच काच न पुसता तो निघून गेला.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ राहू द्या. फक्त कोणत्याही काट्यापुढे मान डोलावण्याआधी तो नेमके काय मोजतो, ते विचारा. मी पाइपमधून वाहणारा द्रव मोजत होतो. जमिनीतले तेल घटू लागले, तसे उरलेले तेल वर ढकलण्यासाठी शेजारच्या विहिरीतून खाली पाणी दाबले जाऊ लागले आणि तेच पाणी तेलाबरोबर माझ्यातून वर येऊ लागले. दोन्ही वेगळे होत ते टेकडीपलीकडच्या टाकीत. तिथल्या साहेबांना हे ठाऊक होते; माझ्याकडे ते फोटोपुरते येत. अखेरच्या वर्षी माझ्यातून वाहणाऱ्या दहा भागांपैकी नऊ भाग पाणी होते.