चित्रावरची जागा

मंगेशनं जीप जव्हारच्या दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभी केली, सकूला दोन्ही हातांवर उचललं आणि दारापाशी रंगवलेल्या निळ्या चौकोनात आणून बसवलं. चौकोनात पांढऱ्या रंगानं एक चित्र काढलं होतं, चाकांच्या खुर्चीत बसलेल्या माणसाचं.

"काकी, ही तुझ्यासारख्यांची जागा. पाय मोडलेल्यानं इथं बसायचं. चित्रच काढलंय बघ."

"खुर्ची कुठं हाय मग?"

"खुर्ची चित्रात हाय. तू खाली बस."

आता यात मंगेशला हसायचं कारण नाही. पोशेऱ्याकडच्या पाड्यांवर ज्याचा पाय गेला त्याच्याकडे कधी गाडी नव्हती, आणि ज्याच्याकडे गाडी होती त्याचे पाय शाबूत होते. चालता न येणाऱ्याला चादरीच्या झोळीत घालायचं आणि बांबूवर लटकावून रस्त्यापर्यंत आणायचं, ही तिकडची रीत. तेव्हा लंगड्यासाठी राखलेली जागा म्हणजे लंगड्याला बसवायची जागा, असंच कुणालाही वाटणार. तिथं माणूस नव्हे, गाडी ठेवायची असते, हे कुणाच्या डोक्यात येईल?

मंगेशनं लगेच सकूच्या मुलाला, चंदूला, फोन लावला. चंदू बायकापोरं घेऊन भिवंडीकडं वीटभट्टीवर होता. "चंदू, आयला चित्रावर बसवलीय. दवाखान्याच्या दारात निळं चित्र हाय, त्याच्यावर. दुपारी येशील तेव्हा तिथंच बघ." मग सकूकडं वळून "हलू नको इथनं" असं बजावलं आणि तो मोखाड्याच्या फेरीला निघून गेला. संध्याकाळी तिला परत न्यायला तोच येणार होता.

सकू हलणार तरी कशी? गुडघ्यापर्यंत प्लास्टर होतं. राब भाजायला, म्हणजे भाताच्या रोपांची जमीन भाजायला, डहाळ्या तोडून, त्यांचा भारा डोक्यावर घेऊन उतारावरून येताना पाय सटकला आणि घोट्यापाशी हाड मोडलं. ओरडली, पण ऐकायला होतं कोण? दिवाळी झाली की पाडा जगायला जातो. जगायला म्हणजे मजुरीला, भट्टीवर, रेतीवर, जिथं मिळेल तिथं. मजुरीला जाण्यालाच तिकडं जगायला जाणं म्हणतात. मग मागं उरलेल्यांच्या राहण्याला काय म्हणायचं, ते अजून कुणी ठरवलेलं नाही. मागं उरली होती सकू, शेजारची ठार बहिरी नवशी आणि दोघींच्या कोंबड्या.

पण पाय मोडला आणि एक नवल झालं. चंदूचे फोन येऊ लागले. सकूचं घर रस्त्याच्या जरा वर. मंगेश सकाळी गाडी थांबवून हॉर्न वाजवायचा आणि फोन हातात घेऊन ओट्यापर्यंत चढून यायचा. गाडीतली माणसं खालून कान टवकारून बसायची.

"आय, पाय कसा हाय?"

"दुखतो."

"जप."

बोलणं एवढंच, पण तेवढ्यावर तिचा दिवस निघायचा. आदल्या साली दिवाळीपासून होळीपर्यंत चंदूचा एक शब्द आला नव्हता. वाईट नव्हता तो. धडधाकट आईची चौकशी ती काय करायची, असा त्याचा सरळ विचार. म्हणून प्लास्टरला खाज सुटली, वास येऊ लागला, तरी सकूला ते नकोसं झालं नाही. ते पायाला होतं तोवर ती कुणाच्या तरी ध्यानात होती.

आणि आज ते निघणार होतं. चंदू शेठकडून एका दिवसाची छुट्टी घेऊन येणार होता. सकूनं मनाशी पक्कं केलं होतं, आज त्याला तोंडावर सांगायचं, मला भट्टीवर घेऊन चल. पोरं सांभाळीन, भाकऱ्या थापीन, पण त्या पाड्यावर मला एकटीला ठेवू नको. असलं फोनवर कसं बोलायचं? अख्खी जीप ऐकते. हे त्याच्या शेजारी बसून, त्याच्या हातावर हात ठेवूनच सांगायचं होतं.

"ओ आजी, उठा! तिथं बसायचं नाही."

हा देवराम, दवाखान्याचा वॉचमन. शर्टाची इस्त्री कडक आणि आवाज त्याहून कडक.

"आजी कुणाला म्हणतोस? तुझ्या बरोबरीची असेन मी."

"बरं, बाय म्हणतो. पण उठा. ही गाडीची जागा हाय, अपंगांच्या गाडीची."

"मग मी अपंग नाय का? ह्यो पाय बघ."

"कार्ड हाय?"

"कसलं कार्ड?"

"सरकारी. कायमचा अधू असतो त्याला मिळतं. तुमचा पाय आज ना उद्या बरा होणार. बऱ्या होणाऱ्याला ही जागा नाही."

"मग बरा होईपर्यंत मी कुठं बसू?"

या प्रश्नाचं उत्तर नियमात नव्हतं, आणि नियमात नसलेलं बोलायची देवरामला सवय नव्हती. शेवटी "गाडी आली की उठवणार, आधीच सांगून ठेवतो" असं पुटपुटून तो फाटकाकडं गेला. खरं तर चौकोन रंगवल्यापासून त्या जागेच्या हक्काची एकही गाडी आली नव्हती. देवराम रोज सकाळी ती जागा झाडायचा आणि दिवसभर तिथून मोटारसायकली हाकलायचा. डॉक्टरांच्या मेव्हण्याची गाडीसुद्धा त्यानं तिथं लावू दिली नव्हती. घरी ओवाळायला कुणी नसलेल्या माणसानं रोज पाट मांडून ठेवावा, तसं चाललं होतं त्याचं.

थोड्या वेळानं तो सकूसाठी तांब्याभर पाणी घेऊन आला.

"पोरगा येणार हाय माझा," ती म्हणाली. "ह्या चित्रावरच येणार."

"येऊ द्या की."

ऊन चढू लागलं तशी फाटकातून एक स्कूटर आली. मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी आणखी दोन चाकं जोडलेली, पुढं त्याच चित्राची ठळक खूण आणि वर फागू. फागूचं जव्हारला झेरॉक्सचं दुकान. दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. आजवर दवाखान्याची पायरी चढायची वेळ त्याच्यावर आली नव्हती, आज खांदा दुखतो म्हणून आला होता. देवरामचा चेहरा असा खुलला की जणू त्याच्याच दारात वरात आली.

"राहू दे, काकी बसलीय," फागू म्हणाला. "मी तिकडं कडेला लावतो."

"अजिबात नाही! मग इतके दिवस मी ही कुणासाठी राखली?"

फागूचं काही चुकलं नव्हतं आणि देवरामचंही नाही. जागा फागूचीच होती. देवरामनं सकूला उचललं आणि इमारतीच्या मागं, पाण्याच्या टाकीच्या सावलीत नेऊन बसवलं.

"अरे बाबा, माझा पोरगा चित्रावर बघंल!"

"मी दारातच हाय ना. आला की घेऊन येतो. शब्द देतो तुम्हाला."

तो शब्द त्यानं मनापासून दिला होता. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. मागच्या दारानं सकूला आत नेलं, प्लास्टर कापायचं यंत्र अर्ध्यावर पोचलं आणि लाइट गेली. जनरेटर चालू करायचं काम देवरामचं. जनरेटर होता पार मागच्या कोपऱ्यात, आणि तो लवकर चालू होणाऱ्यातला नव्हता. दोरी ओढून ओढून देवराम घामाघूम झाला. सकू तिथं अर्धा पाय प्लास्टरात आणि अर्धा पाय वाऱ्यावर घेऊन बसून राहिली.

नेमका तेव्हाच चंदू आला. त्यानं चित्र शोधलं तर चित्रावर स्कूटर उभी. पायरीवर बसलेल्या एका बाईला त्यानं विचारलं. ती म्हणाली, "होती इथं एक बाय. तिला उठवली, गेली ती." चंदूला वाटलं, आय मंगेशच्या गाडीनं घरी गेली. आत शिरून डॉक्टरांना विचारावं, एवढं धाडस विटांची माती अंगावर घेऊन आलेल्या पोराला झालं नाही. समोर मोखाड्याची जीप भरत होती. पळत जाऊन तो तिच्या मागं लटकला.

चंदू येऊन गेल्याचं देवरामला फागूनं सांगितलं. खांदा दाखवून बाहेर येताना त्यानं चंदूला विचारताना आणि पळताना पाहिलं होतं. देवरामनं लागलीच सकूकडून चंदूच्या नंबराची चिठ्ठी घेऊन फोन लावला, पुन्हा लावला. एकदा घाट लागला की कुठली रेंज? फोनमधली बाई एकच पाठ केलेलं वाक्य बोलत राहिली.

प्लास्टर निघालेला पाय पांढराफटक आणि काटकीसारखा झाला होता. काठी टेकत सकू दारात आली. फागूची स्कूटर गेली होती. निळा चौकोन पुन्हा मोकळा होता, आणि देवराम त्याच्या कडेला मान खाली घालून उभा होता.

"चुकलं माझं, बाय. बसा इथं. गाडी येईपर्यंत बसा. आज मी कुणाला येऊ देणार नाही."

"आता कशाला?" सकू म्हणाली. "आता माझा पाय बरा झाला ना. बऱ्याला ही जागा नाय."

ती रागानं बोलली नाही. तेच देवरामला जास्त लागलं. ती फाटकाबाहेर जाऊन दगडावर टेकली आणि मंगेशची वाट बघू लागली.

संध्याकाळी घाटात समोरून भिवंडीकडं जाणारी एसटी आली. रस्ता अरुंद, म्हणून मंगेशनं जीप कडेला घेतली. एसटीच्या खिडक्यांतून माणसांची डोकी दिसत होती. सकूनं एकेक डोकं बघायचा प्रयत्न केला, पण गाडी भर्रकन निघून गेली.

घरी आली तर ओट्यावर लाकडं फोडून रचलेली. आत हंडा, कळशी, डेचकं, सगळं पाण्यानं काठोकाठ भरलेलं. ओठांकडं बघून बोलणं ओळखणारी नवशी शेजारून आली आणि बहिरी माणसं बोलतात तशी ओरडून म्हणाली, "चंदू आलता! लय थांबला! शेवटची गाडी चुकंल म्हणून गेला! म्हणला, प्लास्टर निघालं म्हणजे बरं झालं, आता आयचं टेन्शन नाय! होळीला येतो म्हणला!"

सकूनं हंड्याकडं पाहिलं. पोरानं किती खेपा घातल्या असतील. तिला भट्टीवर न्यायचं हे त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. तिनं इथंच राहावं, म्हणूनच तर तो पाणी भरून गेला होता. सकूला रडू आलं. नवशीला ऐकू जाणार नव्हतं, म्हणून ती मोठ्यानं रडली.

सकाळी खाली हॉर्न वाजला. फोन घेऊन मंगेश वर चढायच्या आतच सकू उतरून रस्त्यावर आली. लंगडत आली, पण स्वतःच्या पायानं आणि काठी न घेता.

"काकी तर चालाया लागली!" गाडीतलं कुणीतरी म्हणालं.

मंगेशनं फोन तिच्या कानाशी धरला. पलीकडं भट्टीवरची पोरं ओरडत होती.

"आय, काल चुकामूक झाली बघ. निघालं ना प्लास्टर?"

"निघालं."

"मग बरा हाय ना आता पाय? चालतीस ना?"

सकूनं खाली पाहिलं. तिचा पाय धुळीत नीट टेकला होता. काल चंदूशेजारी बसून सांगायचं राहून गेलेलं सगळं तिच्या ओठांवर आलं, पण अख्खी जीप तिच्याकडं बघत होती.

"नाय रे," ती म्हणाली. "दुखतो. खाली टेकवत पण नाय."

मंगेशनं तिच्या पायाकडं पाहिलं, आणि मग तो समोरच्या डोंगराकडं बघत राहिला.

पलीकडं चंदूनं ओरडणाऱ्या पोरांना दटावलं. मग म्हणाला, "बरं. शेठला छुट्टीचं परत विचारून बघतो. तू हलू नको. हाय तिथंच बस."

"बसते," सकू म्हणाली.

मंगेशनं फोन खिशात घातला आणि जीप सुरू केली. गाडी वळणाआड गेली. मग सकू उभी होती तिथंच, रस्त्याच्या कडेला, खाली बसली.