प्लास्टर खाल्लेला ड्रम

मी एक जुना पत्र्याचा ड्रम आहे. हमरापूरला गणपतीच्या एका कारखान्याच्या अंगणात, शेवग्याखाली माझा मुक्काम असतो. मित्रांनो, ड्रमाचा आवाज मुळातच मोठा, त्यात मला सांगायचंही पुष्कळ आहे. कानांवर हात ठेवायचे असतील तर आत्ताच ठेवा.

माझा जन्म रोह्याच्या बाजारातला. तिथे एका पत्र्याच्या दुकानात बाबाजी नावाचे कारागीर होते. त्यांच्या लेकीचं, हौसाचं लग्न हमरापूरच्या हिरामणशी ठरलं, तेव्हा त्यांनी मला घडवलं. जाड पत्रा निवडला, कडा वळवून घेतल्या, आणि बुडाचा सांधा तर असा बसवला की पाण्याचा थेंब गळेल तर शपथ. भांड्याकुंड्यांबरोबर मीही आंदणात निघालो. नागोठण्याच्या खड्ड्यांत टेम्पो उसळला की मी असा काही घुमायचो, की वऱ्हाडातली पोरं म्हणाली, बँडवाल्याला उगाच सांगितलं!

सासरी मला मानाचं काम मिळालं. मूर्तींची शाडू माती माझ्यात भिजत पडायची. हिरामणच्या मूर्तीला तडा जात नाही, असं गिऱ्हाइकं म्हणायची. आता ती माती लोण्यासारखी मऊ कोण ठेवत होतं, हे कोणी विचारलं नाही. ते जाऊ दे. पुढे प्लास्टरची पोती आली. साच्यात ओतलं की घटकाभरात गणपती तयार. शाडू मागे पडली आणि तिच्याबरोबर मीही. मला अंगणात पालथं घातलं. माझ्यावर कोंबड्या बसू लागल्या. आणि मित्रांनो, कोंबडी नुसती बसत नाही.

कारखान्याला लागून एक मोकळी जागा होती. गावाने तिचा उकिरडा केला होता. भाजीची देठं, फणसाच्या साली, मासळीची डोकी, सगळं तिथेच. माश्या उठायच्या त्या थेट कारखान्यात येऊन ओल्या रंगावर चिकटायच्या. एका वर्षी मुंबईच्या व्यापाऱ्याने गणपतीच्या सोंडेवरची माशी दाखवली आणि सगळा माल नाकारून तो निघून गेला. त्या दिवशी हौसाने मनाशी ठरवलं, दारातून एक तर हा उकिरडा उठेल, नाही तर आपला कारखाना.

पेणला वत्सलाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका होत्या. ओल्या कचऱ्याचं ड्रमात खत कसं करायचं हे सांगत त्या एसटीने गावोगाव हिंडायच्या. सत्त्याण्णव सालच्या सव्वीस जानेवारीला हौसा त्यांना घेऊन ग्रामसभेत उभी राहिली. सरपंच जनूभाऊ हसले. एक ड्रम काय गावाचा कचरा खाणार, म्हणाले. पण हौसा खाली बसेना. शेवटी असं ठरलं, की तिच्या आळीतल्या सात घरांनी ओला कचरा एका ड्रमात टाकायचा. एक मेच्या सभेला त्याचं खत दाखवलं तर घरोघरी तशी सोय करायची आणि उकिरडा उचलायचा. नाही दाखवता आलं, तर हौसाने हा विषय पुन्हा काढायचा नाही.

आणि ड्रम कोणता? मी! कोंबड्यांना हुसकून मला सुलटं केलं, घासूनपुसून शेवग्याखाली बसवलं. माझ्या अंगाला वाऱ्यासाठी भोकं पाडली. बाई म्हणाल्या, पाणी निघायला बुडालाही भोकं हवीत. तिथे मात्र हौसा अडून बसली. बापाने बसवलेल्या त्या सांध्याला ती हात लावू देईना.

काय दिवस होते ते! सकाळ झाली की सात घरांतून सात डबे यायचे. शेजारची गिरजाबाई कांद्याचं टरफलसुद्धा वेगळं काढून आणायची आणि दुसरीच्या डब्यात प्लास्टिकची पिशवी दिसली की तिला चारचौघांत सुनवायची. कचऱ्याच्या प्रत्येक थरावर पोरं पालापाचोळा टाकायची. महिन्याभरात माझं पोट कोमट झालं. आतलं शिजतंय, असं बाईंनी हात घालून सांगितलं, तेव्हा मला गुदगुल्या झाल्या.

मार्चअखेर कलिंगडं आली. सालींचं पाणी निथळायला बुडाला वाट नाही, त्यामुळे माझा असा वास सुटला की मलाच लाज वाटू लागली. आळीत कुरकुर सुरू झाली. आणि मग एकाएकी वास नाहीसा झाला! बायकांनी हौसाचं कौतुक केलं, हौसाने पाल्याचं केलं. खरी गोष्ट मला माहीत होती. पण ड्रमाला कोण विचारतो?

एक मे उजाडला. दहाला सभा. सकाळीच हौसाने झाकण काढून फावडं मारलं, तर 'ठण्ण' असा आवाज आला. पुन्हा मारलं, पुन्हा ठण्ण. वर पांढरा दगड झाला होता. त्यात कलिंगडाची एक साल हसल्यासारखी अडकून बसली होती.

"मीच टाकली गो," हिरामण जमिनीकडे बघत म्हणाला. "पोत्यांत उरलेली प्लास्टरची पूड. वास मरत होता, म्हणून रोज ओंजळभर टाकली."

घ्या! प्लास्टरमध्ये पाणी घालून वर्षाला शेकडो गणपती ओतणारा हा माणूस. ओल्या कचऱ्यात तेच प्लास्टर पडलं तर काय होईल, हे त्यालाच सुचू नये! मला रडू येत होतं आणि हसूही. तीन महिन्यांची मेहनत आणि गावापुढे दिलेला शब्द, दोन्ही त्या दगडाखाली होते.

सभेसाठी आलेल्या वत्सलाबाई मात्र माझ्या अंगावर टिचक्या मारत खाली खाली गेल्या. वर ठणठण वाजत होतं, कमरेखाली बद्द.

"खालचं तयार आहे, हौसा," त्या म्हणाल्या. "पण वरून हात पोचणार नाही. बूड कापावं लागेल."

हिरामणने नको नको केलं. सासऱ्यांची आठवण आहे, पुढच्या सभेला बघू, असं तो विनवू लागला. हौसाने माझ्यावर तळहात ठेवला.

"बाबाला काय सांगायचा तो मी सांगीन," ती म्हणाली. "छिन्नी दे."

दुखलं का? दुखलं, मित्रांनो. खोटं कशाला बोलू? पण सांधा सुटला, आधी काळं पाणी वाहिलं आणि मागून धबाधबा खत आलं. काळंभोर, भुसभुशीत! मागोमाग वरच्या दगडाचा गोळा धप्पकन बाहेर पडला, माझ्याच आकाराचा. पोरं टाळ्या पिटत नाचू लागली. सभेत जनूभाऊंनी मूठभर खत हातात घेतलं, वास घेतला, पुन्हा घेतला. मातीचा वास येतोय, असं ते पुटपुटले आणि त्यांनी ठराव लिहायला सांगितला. आठवड्याभरात उकिरडा उचलला गेला.

हौसाला आता एकच धाकधूक होती. मेच्या शेवटी बाबाजी लेकीला भेटायला आले. तिने त्यांना सगळं सांगितलं आणि मान खाली घातली. बाबाजी माझ्याभोवती एक फेरी मारून आले. वाकून त्यांनी माझ्या आरपार पाहिलं. मी जमिनीवर तसाच उभा होतो. आता पाणी मुरत होतं, मातीतली गांडुळं वर येत होती, वासाचं नाव नव्हतं. बाबाजींनी माझ्या कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. चहा घेऊन ते निघून गेले. हौसा त्या दिवशी जेवली नाही.

पुढच्या सोमवारी रोह्याहून एक टेम्पो आला. त्यात नवे कोरे सात ड्रम होते, घरटी एक. आणि एकालाही बूड नव्हतं! टेम्पोवाला हसत सांगत होता, दुकानातले लोक म्हणतात, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. हौसा टेम्पोला टेकून उभी राहिली आणि हसता हसता रडू लागली.

तर मित्रांनो, आपल्या घरचा कचरा दुसऱ्याच्या दारात लोटू नका. ज्याच्या दारात तो पडतो, त्याच्या पोटावर माश्या बसतात. जुनी वस्तू पालथी घालण्याआधी तिला एकदा विचारून बघा, अजून काय काय जमेल म्हणून. माझ्या पोटात आजही जागा आहे. डबे घेऊन जरूर या. फक्त हिरामण बरोबर असेल, तर त्याला आधी हात झटकायला सांगा.