पिन्फोल्डसाहेबांचा पत्ता

सात वर्षांपूर्वी विद्याधर पाटणकरांना विलायतेहून एक पत्र आलं होतं आणि त्याचं उत्तर त्यांनी दिलं नव्हतं. सकाळी दाढी करताना ते पत्र आठवायचं, ताटावर बसलं की आठवायचं, आणि आठवलं की घास तोंडातच फिरत राहायचा. ज्या माणसाने झाशीच्या रेल्वे कचेरीत चौतीस वर्षं जुन्या कागदांची खोली सांभाळली, 'कागद सापडत नाही' असा शेरा ज्याने आयुष्यात एकदाही लिहिला नाही, त्याने एका म्हाताऱ्या बाईला लिहायचं तरी काय?

पत्र लिहिणारीचं नाव ऑड्री पिन्फोल्ड. तिचे आजोबा वॉल्टर पिन्फोल्ड इथे रुळांचे इन्स्पेक्टर होते. १९११ साली पटकीने गेले. आजी चार वर्षांच्या मुलाला घेऊन बोटीने परत गेली. तो मुलगा म्हणजे ऑड्रीबाईंचे वडील. बाप कुठे पुरला हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही, म्हणून मरताना ते लेकीला सांगून गेले, की माझ्या दगडावर माझ्या नावाखाली 'वॉल्टरचा मुलगा. वॉल्टर विसावला आहे ते ठिकाण:' एवढंच कोर आणि पुढची जागा मोकळी ठेव. सापडलं की भर. बाईंनी ती जागा चाळीस वर्षं मोकळी ठेवली होती.

झाशी पाहून गेलेल्या कुणा प्रवाशाने त्यांना सांगितलं होतं, की छावणीतल्या ख्रिश्चन कबरस्तानात एक लाजाळू गृहस्थ वही घेऊन हिंडतात आणि दगडांवरची अक्षरं उतरवून घेतात. पत्रासोबत बाईंनी पाद्र्याच्या दफन-नोंदवहीतल्या एका ओळीची छायाप्रत पाठवली होती. नाव, वय, तारीख आणि शेवटच्या रकान्यात आकडा: ६९६/९.

कबर क्रमांक सहाशे शहाण्णव, रांग नववी. विद्याधरांना इतकं सोपं वाटलं होतं की त्यांनी त्याच दिवशी उत्तराचं 'डियर मॅडम' लिहून ठेवलं. मग ते नवव्या रांगेत गेले. तिथे सहाशे शहाण्णव नव्हता. त्यांनी सगळ्या कबरी मोजल्या तर चारशे एकतीस भरल्या, पुन्हा मोजल्या तर चारशे अठ्ठावीस. मोजण्यात चूक आपलीच असणार, असं म्हणून ते सात वर्षं मोजत राहिले. 'डियर मॅडम'च्या पुढे काही जाईना, आणि मग 'डियर' हे जरा सलगीचं तर होत नाही ना, अशीही शंका येऊ लागली.

हे सगळं चोरून चाललं होतं. पत्नी इंदुमतीबाईंच्या घरात मसणातून आलेल्या माणसाने आंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, असा दंडक होता. मसण हिंदूंचं की ख्रिश्चनांचं, असला भेद त्या करत नसत. रोज भर दुपारी आंघोळ करायची तर कारण सांगावं लागणार, आणि कारण सांगायचं तर बोलावं लागणार. त्यापेक्षा 'वाचनालयात जाऊन येतो' हे बरं होतं. ऑड्रीबाई दर जानेवारीला एक कार्ड पाठवत. 'आपण खुशाल असाल' एवढीच ओळ, तक्रारीचा एक शब्द नाही. विद्याधर ते कार्ड एका जाड पुस्तकात दडवत आणि पुढचे आठ दिवस त्या कपाटाकडे पाठ करून बसत.

यंदाचं कार्ड फेब्रुवारीच्या शेवटी आलं. अक्षर थरथरलेलं होतं. मार्चअखेर मी हे घर सोडून वृद्धाश्रमात जाते आहे, मोकळी जागा आता गवंड्याकडून घासून सपाट करून घेईन म्हणते, काही सापडलं नसेल तर तसं कळवा, मला वाईट वाटणार नाही.

विद्याधर कार्ड हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात तसेच उभे राहिले. इंदुमतीबाई वाटाणे सोलत होत्या.

"काय हो, कोण गेलं?"

"कुणी नाही. वाचनालयाचं..."

"वाचनालय लंडनहून कार्डं पाठवतं होय?" त्यांनी एक वाटाणा तोंडात टाकला. "ऑड्रीबाई बऱ्या आहेत ना?"

विद्याधरांचा चष्मा नाकावरून घसरला.

"तुला... कसं..."

"पुस्तकं कोण झटकतं या घरात? सहा कार्डं आहेत त्या जाडोबात, हे सातवं. आणि एक सांगा, वाचनालयात पायजम्याला कुसळं कुठून लागतात? मी पहिल्या वर्षीपासून मागच्या दाराला पाण्याची बादली भरून ठेवते. तुम्ही पाय धुऊन आत येता, वर मनातल्या मनात समजता की हिला पत्ता नाही."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं बघू तरी, म्हाताऱ्याचं प्रकरण कुठवर जातंय. बाई सात वर्षं लिहितेय आणि हा एका ओळीचं उत्तर देत नाही! असला रडतराऊत प्रियकर मी तर कधी ऐकला नाही."

विद्याधर कानापर्यंत लाल झाले, आणि एकदा लाल झाल्यावर लपवायला काही उरलं नाही म्हणून त्यांनी सगळं सांगून टाकलं. शेवटी नोंदवहीची छायाप्रत वाटाण्यांच्या परातीशेजारी ठेवली. इंदुमतीबाईंनी ओले हात पदराला पुसले, कागद लांब धरला आणि अशा हसत सुटल्या की सालं सगळ्या फरशीवर झाली.

"अहो, हे तुम्ही कबरस्तानात शोधत होतात?"

"कबर कबरस्तानातच असते ना."

"सहाशे शहाण्णव बटे नऊ! हा मैल आहे हो. मुंबईपासूनचा सहाशे शहाण्णवावा मैल, त्यातला तारेचा नववा खांब. माझे बाबा दुसरा पत्ता जाणत नव्हते. साप निघाला तर अमुक बटे तमुक, गाय कटली तर अमुक बटे तमुक. मी कुठे जन्मले विचारलं तर गाव नाही सांगायचे, खांब सांगायचे. पिन्फोल्डसाहेब लाइनवर गेले, पटकी म्हणून तिथल्या तिथे पुरले, आणि लाइनवाल्यांनी पाद्र्याला कळवलं ते आपल्या भाषेत. पाद्र्याने बिचाऱ्याने तसंच उतरवलं."

विद्याधर वेताच्या मोड्यावर बसले. चौतीस वर्षं ते रेल्वेत होते, पण खोलीत. रूळ त्यांनी पाहिले ते फलाटावरून. आणि ज्या बाईचं सगळं बालपण भुसावळ-खंडवा लाइनीवरच्या क्वार्टरांत गेलं, तिच्यापासून त्यांनी हा आकडा सात वर्षं लपवला होता, का, तर आंघोळ चुकावी म्हणून.

"इंदू," ते म्हणाले, "मी मूर्ख आहे."

"ते नंतर. आधी मैलाचे किलोमीटर करा. आठाने गुणा, पाचाने भागा, बाबा तसंच करत." त्यांनी तोंडी हिशेब केला. "अकराशे चौदा. म्हणजे बबीनाच्या बाजूला. उद्या सकाळीच जाऊ."

विद्याधरांनी वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडले, खोडले, पुन्हा मांडले. मग घसा साफ केला.

"अकराशे वीस," ते म्हणाले. "आठ-पाच हे अंदाजाचं झालं. दहा-वीस मैलांना चालतं, सातशे मैलांना नाही. साडेसहा किलोमीटरचा फरक पडतो. बिजौलीच्या पुढे लगेच."

"बाबांचं चुकलं म्हणता?"

एरवी विद्याधर इथेच 'तसं नव्हे' म्हणाले असते. पण त्या दिवशी आत काहीतरी उकळ्या फोडत होतं.

"हो," ते म्हणाले. "चुकलं."

इंदुमतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, जसं नव्या पाहुण्याकडे पाहावं. "बरं बाई, बिजौली," त्या म्हणाल्या. "आणि तारेचा नववा खांब म्हणजे आजच्या विजेच्या खांबांत सव्वीस नंबरच्या आसपास."

दुसऱ्या दिवशी ई-रिक्षातून ती दोघं बिजौलीच्या फाटकावर उतरली. विद्याधरांच्या पिशवीत वही, टेप, दोन पेनं आणि न लागणारी छत्री होती. इंदुमतीबाईंच्या पिशवीत दशम्या आणि लोणचं. कारखान्यांच्या पत्र्यांमागे पळस पेटला होता. रुळांची देखभाल करणारी गँग फाटकापाशी हत्यारं टेकून बसली होती. पिवळ्या जाकिटातला मुकादम पुढे आला.

"काए अम्मा, कितै जा रईं? लाइन पे चलना मना है."

"भैया, अकराशे वीस बटे छब्बीस के आसपास एक पुरानी कबर है क्या?" इंदुमतीबाई म्हणाल्या. "हमारे बाबूजी इन्स्पेक्टर थे लाइन के. हमें मत सिखाओ कहाँ चलना है, हम रुळांच्या बाजूबाजूने चलेंगे."

मुकादमाचं नाव गेंदालाल. त्याने अर्धं हिंदी आणि अर्धं मराठी हे फर्मान ऐकलं आणि आपोआप हात जोडले.

"कबर तो नईं है, अम्मा. छब्बीस नंबर पे चबूतरा है हमारा, नीम के नीचे. खाना वहीं खाते हैं."

गेंदालाल पुढे, मध्ये इंदुमतीबाई, मागे ते, अशी वरात निघाली. गाडी आली की गेंदालाल दोघांना उताराला नेऊन उभं करी आणि लाल-हिरव्या झेंड्या काखेत धरून वऱ्हाडी मोजावेत तसा मोजून घेई. विजेच्या खांबांवर पांढऱ्या पाट्या होत्या. बावीस, चोवीस. सव्विसाव्या खांबासमोर कडुनिंबाखाली हात दीड हात उंचीचा एक चौथरा, आणि त्याच्या डोक्याशी एक उभा दगड. सगळं चुन्याने पांढरंफटक. दगडाच्या खांद्यावर कुणाचातरी डबा टांगलेला.

"चुना कोण लावतं?" विद्याधरांनी विचारलं.

"हमईं लगाते हैं, बाबूजी. साल में एक बार. किलोमीटर के पत्थर पुतते हैं, तो ये भी पुत जाता है. हमसे पहले वाले भी लगाते थे."

"रेल्वेत जे हलत नाही त्याला चुना लावतात," इंदुमतीबाई म्हणाल्या. "तुम्ही कचेरीत बसला होतात म्हणून वाचलात."

विद्याधर गुडघ्यांवर बसले. नखाने खरवडलं, निघेना. इंदुमतीबाईंनी अंबाड्यातला आकडा काढून दिला. चुन्याचा एक पापुद्रा उडाला, त्याखाली दुसरा, त्याखाली तिसरा. शंभर वर्षांच्या गँगांनी थरावर थर दिले होते. मग एकदम तळहाताएवढा खपला सुटला आणि आतली अक्षरं कोरल्या दिवसाइतकी कोरीव, करकरीत बाहेर आली. W, A, L.

"वॉल!" विद्याधर ओरडले. आयुष्यात एवढ्याने ते कधी ओरडले नव्हते. "इंदू, वॉल! वॉल्टर!"

"ओरडू नका, सिग्नल पडेल!"

पण त्याही हसत होत्या, आणि गेंदालालही, आणि मागून आलेले गँगचे चौघेही. सगळे मिळून खरवडायला बसले. पिन्फोल्ड निघालं, साल निघालं, आणि सगळ्यात खाली, कबरीच्या दगडावर कुणी कोरेल असं वाटणार नाही ते: ६९६/९.

विद्याधर चौथऱ्यावर टेकले आणि त्यांना हसू आवरेना. चष्मा काढून पुसला तरी समोरचं धूसरच.

"साहब इंजीनियर थे?" गेंदालालने विचारलं.

"तुमचेच साहेब," इंदुमतीबाई म्हणाल्या. "लाइनवाले."

"तब तो ठीक है. हम रोज पहला कौर इनके नाम का निकाल के कौवे को डालते हैं. जगह इनकी है ना."

विद्याधरांनी ते वहीत लिहून घेतलं. मग इंदुमतीबाईंनी दशम्या सोडल्या आणि सगळे पिन्फोल्डसाहेबांच्या पायथ्याशी जेवले.

घरी आल्यावर मागच्या दाराला दोन बादल्या होत्या. "आज दोघांनीही," इंदुमतीबाई म्हणाल्या. आंघोळ करून, ओल्या केसांनीच विद्याधर टेबलाशी बसले. 'डियर मिस पिन्फोल्ड,' त्यांनी लिहिलं, आणि 'डियर'पाशी जराही थांबले नाहीत. सात वर्षांच्या उशिराची माफी मागितली. दगडाचं वर्णन केलं, चुन्याचं, कडुनिंबाचं, पळसाचं. आपले आजोबा एकटे नाहीत, रोज पाच माणसं त्यांच्याजवळ जेवतात आणि पहिला घास त्यांचा काढतात, हे लिहिलं. मोकळ्या जागेत काय कोरायचं ते शेवटी स्वतंत्र ओळीत: झाशीजवळ, मैल ६९६, खांब ९. जागा सपाट करू नका, असं खाली अधोरेखित केलं. पत्र चार पानांचं झालं आणि एकही शब्द खोडला गेला नाही.

हेड पोस्ट ऑफिसात खिडकीपाशी आल्यावर मात्र पाय अडखळले. 'विसावले'साठी वापरलेला इंग्रजी शब्द बरोबर होता का? एकदा उघडून...

"क्या है इसमें, बाबूजी?" खिडकीतल्या मुलीने विचारलं. "डॉक्युमेंट?"

"पता है," विद्याधर म्हणाले. "एक साहब का."

"जाईल का आता?" मागून इंदुमतीबाई म्हणाल्या. "की आणखी सात वर्षं?"

विद्याधरांनी पाकीट खिडकीतून आत सरकवलं. मुलीने शिक्का उचलला आणि दणकन मारला.