खालचा हात

ठिगळीने एकदा ठरवलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. तिने सुनेला सांगून टाकलं होतं, "ते चिंध्यांचं गाठोडं रविवारी कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याला देऊन टाक. ऑइल पुसायला होईल." मला मात्र ती एका शब्दाने बोलली नव्हती. मी निघताना सूनच दारात हळूच म्हणाली, "मावशी, अर्धी झालेली गोधडीपण त्यातच घाल म्हणतायत. मी काय करू?"

"रविवारपर्यंत काहीच करू नकोस," मी म्हटलं आणि रागाच्या भरात जिना उतरले. खाली आल्यावर कळलं की छत्री वरच राहिली. ती आणायलाही मी परत गेले नाही.

ठिगळी हे तिचं नाव मीच ठेवलं. शाळेत तिच्या फ्रॉकला कोपरापाशी ठिगळ होतं आणि ते तिने स्वतः लावलं होतं, चांदणीच्या आकाराचं. वर्गातल्या मुली हसल्या, तर ही त्यांनाच विचारते, "तुझ्या फ्रॉकला लावून देऊ का?" ती मला मशीन म्हणते. मी इस्पितळाच्या शिवणखोलीत आहे. चादरी, पडदे, डॉक्टरांचे अंगरखे, सगळं सरळ रेषेत. माझी जीभही त्याच वेगाने चालते असं तिचं म्हणणं, आणि ते काही अगदीच खोटं नाही.

तिने आयुष्यभर दुसऱ्यांसाठी गोधड्या शिवल्या. ही एकच स्वतःसाठी घेतली होती. त्यासाठी ओळखीच्या प्रत्येकाकडून एकेक तुकडा मागून आणला होता. मुलाचा शाळेचा शर्ट, समोरच्या बाईंचा पडदा, पोस्टमनच्या जुन्या पँटचा गुडघा. मी थट्टेने इस्पितळाच्या चादरीची निळी पट्टी दिली, तर तिने ती नेमकी उशाच्या बाजूला लावली. "तू डोक्याशी असलेली बरी," म्हणाली. गोधडी निम्म्यावर आली आणि अर्धांगाच्या झटक्याने तिची डावी बाजू गेली. तीन आठवडे ती आमच्याच इस्पितळात होती, मीच शिवलेल्या चादरींवर. पाय हळूहळू परत आला. हात आला नाही. आता तो तिच्या मांडीवर असतो, कुणीतरी थोडा वेळ सांभाळायला दिल्यासारखा.

मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत शिवणखोलीतल्या सगळ्या मशिनी बंद होत्या. उन्हात कापसाची बारीक धूळ तरंगत होती. मी कापडाच्या ढिगावर डोकं टेकलं आणि डोळा लागला. स्वप्नात ती गोधडी एवढी मोठी झाली होती की तिच्यावरून चालत जाता येत होतं. मी अनवाणी होते. शर्टाचा तुकडा कोमट लागत होता, पडद्याचा गार. पोस्टमनच्या गुडघ्यावरून जाताना मला उगाचच हसू आलं. मग टाके संपले. पुढचे तुकडे सुटे होते आणि पाय ठेवला की तरंगत बाजूला सरकत होते. पलीकडे ठिगळी पाठमोरी बसली होती. मी हाका मारल्या, पण तिने मागे वळून पाहिलं नाही.

जागी झाले तेव्हा गालावर खडूच्या रेघा उमटल्या होत्या. मी तशीच उठले आणि कातरणांच्या पेटीत हात घातला. तिला काहीतरी शिवून द्यायचं, इतकं सुंदर की सुई धरल्याशिवाय तिला राहवणारच नाही.

पहिली केली सुयांची वही. लोकरी कापडाची चार पानं, वर फुलाफुलांचं कव्हर, बंद करायला शिंपल्याचं बटण. मी ती बुधवारी नेली. ठिगळीने वही हातात घेतली, उलटसुलट केली, गालाला लावून पाहिली. "छान झालीय गं," म्हणाली. मग बटण काढायला गेली. वही घसरली. तिने ती मांडीवर दाबून धरायचा प्रयत्न केला, मग दातात धरली. मी मदतीला पुढे झाले, तर वही खाली ठेवून ती खिडकीबाहेर पाहत बसली.

माणसाने यातून शहाणं व्हावं की नाही? मी गुरुवारी कात्रीसाठी म्यान घेऊन गेले. गळ्यात अडकवायला नाडी, आत जाड अस्तर, टोकाला दुहेरी शिलाई. तिने कात्री ओढली तर म्यानही बरोबर वर आलं. पुन्हा ओढली, पुन्हा आलं. म्यान धरायला दुसरा हात लागतो, हे मला शिवताना सुचलंच नव्हतं. आम्हा शिवणाऱ्या बायकांना दोन हात असे गृहीतच असतात. कपाळाला हात लावायची वेळ आली आणि मी उलट तिच्यावरच चिडले.

"तू मनावरच घेत नाहीस! गाठोडं द्यायला निघालीस, मला सांगायचंस तरी. भांड की माझ्याशी!"

तिने म्यान गळ्यातून काढून बाजूला ठेवलं.

"एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात ते..." मी बोलून गेले आणि जीभ चावली.

ठिगळीने माझ्याकडे पाहिलं. मग तिचे खांदे हलू लागले. ती हसत होती. पण हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती म्हणाली, "मशीन, मी घरी आल्याबरोबर बसून बघितलं गं. दोनदा. वरचा हात सगळं करतो. पण सुई आली हे खालच्या बोटाला टोचलं की कळायचं, आणि आता खाली काही नाहीच. सुई जाते ती जातेच. विहिरीत पोहरा सोडावा आणि दोरच हातात नसावा, तसं वाटतं. मला ते पुन्हा नको."

मी घरी गेले ती रडतच. रडताना मला रागही येत होता, तो तिचा नव्हता.

शुक्रवारी मी उशी शिवली. जाड कापडाची, आत बारीक वाळू, खाली रुंद पट्टा. मांडीवर बांधली की हलणार नाही. गोधडी तिच्यावर टाचण्यांनी पक्की करायची आणि एका हाताने शिवायचं. या वेळी मी स्वतःचा डावा हात ओढणीने कमरेला बांधला आणि घरात बसून करून पाहिलं. टाचण्या लागल्या, पट्टा बसला. मी खूश झाले. टाका मात्र घालून पाहिला नाही. हौसेच्या भरात माणूस एवढंच विसरतं.

शनिवारी दुपारी सूनबाई बाहेर गेली होती. गाठोडं दाराशीच ठेवलेलं होतं. मी ते सोडलं, अर्धी गोधडी काढली आणि ठिगळीला काही विचारलंच नाही. उशी बांधली, गोधडी पसरून एका कडेला टाचण्या लावल्या, सुईत दोरा ओवून तिच्या हातात दिली.

"एकच ओळ," मी म्हटलं. "मग खुशाल दे गॅरेजवाल्याला."

खोलीत ऊन तिरपं आलं होतं. कुणाच्या तरी घरी रेडिओ लागला होता, शब्द न कळण्याइतका लांब. ठिगळीने सुई खाली घातली. मग गोधडीची कड उचलली, उलटी केली, वाकून सुई शोधली, ओढली, पुन्हा सुलटी केली. एक टाका. पुन्हा खाली, पुन्हा उलटी. ऊन सरकत सरकत खुर्चीच्या पायापर्यंत गेलं आणि टाके झाले चार. पाचव्याला सुई कुठेतरी अडकली. तिचा हात थांबला. तिने डोळे मिटले आणि मला वाटलं, संपलं.

घोडं कुठे पेंड खातंय ते बघायला मी तिच्याजवळ सरकले आणि गोधडीखाली हात घातला. खाली अंधार होता, ऊब होती. सुईचं टोक वाळूच्या उशीच्या शिवणीत घुसलं होतं. मी टाचण्या काढल्या आणि पट्टा सोडून उशी बाजूला काढली. उशीखाली मांडीवर तिचा डावा हात होता, गार. माझा हात त्याच्यावर टेकला आणि तिथेच राहिला.

"आता घाल," मी म्हटलं.

"तुझा हात आहे ना खाली?"

"आहे. घाल."

सुई खाली आली. मी बोटाने चाचपडत टोक धरलं आणि वर ढकललं.

"तिरकी गेली," ती म्हणाली. "टोक लागलं की लगेच वळव. ओढू नकोस, नुसतं सांग तिला कुठे जायचंय."

"सुईला सांगू?"

"तूच तर दिवसभर बडबडत असतेस."

पुन्हा सुई आली. माझ्या आयुष्यात मी हाताने सरळ ओळ घातली नव्हती. मशीनवाल्या बाईला खालून येणारा दोरा दिसतही नाही, तो बॉबिनचा कारभार. आता मी बॉबिन झाले होते. ती वरून पाठवायची, मी खालून परत द्यायची. हळूहळू आम्ही बोलायच्या थांबलो. रेडिओ थांबला की नाही आठवत नाही. पोस्टमनचा गुडघा मागे पडला. मला त्या उन्हात पुन्हा पायाखाली कोमट, गार, कोमट असं वाटू लागलं, आणि तेवढ्यात सुई खचकन माझ्या बोटात शिरली.

"आई गं!" मी ओरडले.

ठिगळी थांबली. तिने सुई तशीच धरून ठेवली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि चेहरा मात्र उजळला होता.

"लागलं का गं खूप?"

"लागलं म्हणजे? भोसकलंस!"

"बरं झालं," ती म्हणाली. "इतक्या दिवसांत पहिल्यांदा खाली कुणालातरी दुखलं."