शशिकांतच्या पिशवीतला गेम

मी हातात धरून खेळायचा गेम आहे. निदान माझ्या खोक्यावर तसं छापलं होतं. पण माझं बरंचसं आयुष्य मृदंग वाजवण्यात गेलं, आणि एकदा माझ्यामुळे एका खऱ्या माणसाला खोटं ठरवलं गेलं. तेच सांगायला मी बोलतोय.

माझा जन्म परदेशातल्या कारखान्यात झाला. एका काकांनी दुबईहून मला मीरा रोडला आणलं, पुतण्या बंटीसाठी. बंटी वर्षभर माझ्याशी खेळला. मग नवीन गेम आला आणि मी केबिन रोडवर अल्पेशच्या मोबाइलच्या दुकानात विकायला गेलो. काचेच्या कपाटात जुन्या चार्जरांच्या शेजारी पडून राहिलो.

दोन हजार सातच्या दिवाळीआधी शशिकांत आणि त्याची बायको मंदा दुकानात आली. संगमेश्वरकडची माणसं. त्याला बसमध्ये गाणी ऐकायला काहीतरी हवं होतं. अल्पेशने लायटरएवढे प्लेअर समोर मांडले. शशिकांतने उजवा हात खिशातून काढला. हाताला अंगठा आणि करंगळी होती, मधली तीन बोटं नव्हती. प्लेअर त्या दोघांमधून निसटून काउंटरवर पडला. पुन्हा उचलला, पुन्हा पडला.

"डाव्या हाताने पकडो ना, अंकल," अल्पेश म्हणाला.

"डावा दांड्याला लागतो. वरसावेपर्यंत उभा जातो मी."

अल्पेशने काचेचं कपाट उघडलं. मग त्याने मला बाहेर काढलं. "ये देखो. गेम आहे, पण गाणी पण वाजतात. बटण मोठे आहेत."

मी त्या तळव्यावर आडवा बसलो. अंगठा आपसूक बटणावर आला.

"ह्या वयात गेम घेऊन फिरणार तुम्ही?" मंदा हसत म्हणाली. खूप दिवसांनी हसल्यासारखी.

"फिरेन की," शशिकांत म्हणाला.

जुना माल म्हणून बिल कोणी मागितलं नाही, कोणी दिलं नाही.

शशिकांतने सोबत एक कॅसेट आणली होती. गावच्या नमन मंडळाच्या नाचगाण्याच्या कार्यक्रमाची. अल्पेशने ती कॉम्प्युटरवर घेऊन माझ्या कार्डात भरली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये ती पहिल्यांदा वाजली तेव्हा मला कळलं, त्यातला मृदंग शशिकांतचा आहे. दहाही बोटांचा. तो डोळे मिटून ऐकायचा. बस खड्ड्यात आदळली तरी डोळे उघडायचा नाही.

बोटं कशी गेली ते मला हळूहळू समजलं. तो भाईंदर पूर्वेला स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात, पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसवर होता. हात आत जाऊ नये म्हणून प्रेसपुढे लोखंडी जाळी असते. काम भरभर व्हावं म्हणून सुपरवायझर कमळाकरने ती काढून ठेवायला लावली होती. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत प्रेस हातावर आला. नंतर मालकाने शशिकांतला वरसावेच्या पुढच्या गोदामावर वॉचमन केलं. प्रेसवर आला महिपत, शेजारच्या गावचा पोरगेला माणूस. आधी तो बाजूच्याच मशीनवर असायचा.

जाळी तेव्हाही बसली नाही. शशिकांतला ते सहन होईना. घरी जेवताना तो मंदाला म्हणाला, "माझं जायचं ते गेलं. पण महिप्या रोज तिथे हात घालतोय."

"मग अर्ज करा," मंदा म्हणाली. तिनेच तो लिहिला, कारण त्याला आता लिहिता येत नव्हतं. खाली त्याने अंगठा दिला. अर्जात मागणी एकच होती, जाळी बसवा.

उन्हाळ्यात सरकारी ऑफिसातून चौकशीला एक साहेब आले. कारखान्याच्या ऑफिसात सगळ्यांना बोलावलं. मी शशिकांतच्या पिशवीत होतो.

"साहेब, ह्याला गाण्यांचा नाद," कमळाकर म्हणाला. "मशीनवर कानात वायरी घालून उभा राहायचा. अजून गेटवर तेच करतो. पिशवी बघा त्याची."

शशिकांतने स्वतःच मला काढून टेबलावर ठेवलं. "हे मी नंतर घेतलं, साहेब. हात गेल्यावर. आठ महिन्यांनी."

"पावती?"

"पावती नाही. माझ्या बायकोला विचारा, ती होती सोबत."

"बायको तुमच्याच बाजूने बोलणार." साहेबांनी मला उलटसुलट करून पाहिलं आणि परत ठेवलं.

माझ्या कार्डात प्रत्येक गाण्यामागे ते कधी भरलं ती तारीख होती. कॉम्प्युटरला लावलं असतं तर दोन मिनिटांत दिसली असती. शशिकांतला ते ठाऊक नव्हतं. साहेबांच्या डोक्यात आलं नाही. मला सांगता आलं नाही.

मग त्यांनी महिपतला विचारलं, "तू बाजूच्या मशीनवर होतास ना? ह्यांच्या कानात काही होतं?"

महिपत जमिनीकडे बघत राहिला. महिन्यापूर्वीच तो कायम झाला होता. कमळाकर त्याच्या मागेच उभा होता.

"मी पाठमोरा होतो," तो म्हणाला. "मला दिसलं नाही."

शशिकांत त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने मला उचलून पिशवीत ठेवलं. कामगाराचा निष्काळजीपणा, असं लिहून कागद बंद झाला. त्या संध्याकाळी बसमध्ये त्याने मला पिशवीतून काढलं नाही.

पावती मागायला अल्पेशकडेही तो जाऊन आला. "अंकल, जुना माल आहे, मी कुठून आणला ते पण विचारतील," अल्पेश म्हणाला. "मला नका ओढू यात."

दिवाळीनंतर महिपतचा हात गेला. मनगटापासून.

शशिकांत हॉस्पिटलात गेला. महिपतची बायको दुर्गा खाटेजवळ बसली होती, तिने स्टूल पुढे केलं. काय बोलावं ते न सुचून शशिकांतने मला काढलं, गावचं नमन लावलं आणि वायर महिपतच्या कानाशी नेली. दोघांच्याही ओळखीची गाणी होती ती.

"काढ, दादा," महिपत म्हणाला.

शशिकांतने वायर बाजूला घेतली.

"मला दिसलं होतं," महिपत म्हणाला. "तुझ्या कानात काही नव्हतं. जाळी नव्हती म्हणून झालं. मला सगळं दिसलं होतं."

दुर्गाने नवऱ्याकडे पाहिलं, मग शशिकांतकडे. तिला ही गोष्ट पहिल्यांदाच कळत होती.

"झोप आता," शशिकांत म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

त्यानंतर मी वाजलो नाही. त्याने नोकरी सोडली. आता मंदा घरी डबे करते आणि तो पोचवतो. मी लोखंडी कपाटात, रेशनकार्डाच्या पिशवीखाली आहे. माझी बॅटरी फुगली आहे, पाठीचं झाकण वर आलंय. मला भंगारात द्यायचं मंदाच्या मनात आहे, आणि तिचं चुकत नाही.

माझ्यासाठी काही मागायचं नाही. पण मागच्या आठवड्यात दुर्गा इथे आली होती, ती मंदाला सांगत होती. प्रेसवर नवीन माणूस घेतलाय, लवू नावाचा, एकोणीस-वीस वर्षांचा, गावाहून नुकताच आलेला. जाळी अजून भिंतीला टेकवून ठेवलेली आहे. तुम्ही त्या बाजूने जात असाल, तर आत जाऊन लवूला एवढं सांगा, ती जाळी प्रेसपुढे बसवायची असते.