बावन्न मिनिटांचा चमत्कार

सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. पडद्यावर बारा सेकंदांचा व्हिडिओ सातव्यांदा चालू होता. औषधाच्या दुकानातलं काउंटर, समोर मौनी महाराज, उजवा हात वर केलेला, आणि कोपऱ्यात वेळ: सहा वाजून दहा मिनिटं. त्या दिवशी सहा दहाला महाराज याच सभागृहात, याच खुर्चीवर, तीनशे माणसांसमोर डोळे मिटून बसले होते. एक देह, दोन जागा. बायका डोळे पुसत होत्या, पुरुष पडद्याचे फोटो काढत होते.

वर्षातून एक दिवस गप्प बसतात म्हणून ते मौनी. उरलेले तीनशे चौसष्ट दिवस तोंडाचा पट्टा चालू.

"देह म्हणजे काय? कपाट," महाराज सांगत होते. "कपाट इथे ठेवलं आणि औषधांचा निरोप घ्यायला मी तिकडे गेलो. हात वर केला तो पाहिलात? बास, म्हटलं त्यांना. माझ्या माणसांना आता तुमची गरज नाही."

मग पडद्यावर पोलिसांचा फॉर्म आला. 'यंत्रावरील वेळ पडताळली. अचूक.' खाली सही, भिंतीएवढी. लोकांनी त्या सहीला हात जोडले.

पाचव्या रांगेत फुटेजवाल्याला घाम फुटला. सही त्याची होती.

पोलीस ठाण्यात सगळे त्याला फुटेजवालाच म्हणत. चोरी झाली, अपघात झाला, की आसपासच्या दुकानांतल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग उतरवून आणायचं हे त्याचं काम. या औषधाच्या दुकानासमोरून एक मोटरसायकल चोरीला गेली होती. चोर भलत्याच कॅमेऱ्यात सापडला, पण महाराजांचा तुकडा ठाण्यातल्या कुणाच्या तरी मोबाइलवरून फॉर्मसकट बाहेर गेला.

आता नियम काय आहे? रेकॉर्डिंग उतरवण्याआधी आपला मोबाइल यंत्राच्या पडद्याशेजारी धरायचा, दोन्ही वेळा एका फोटोत घ्यायच्या, फरक असेल तो लिहायचा. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या दिवशी ऊन मी म्हणत होतं, अजून चार दुकानं बाकी होती, आणि पठ्ठ्याने ते केलं नाही. ठाण्यात येऊन रकाना रिकामा दिसला तेव्हा 'अचूक' लिहून मोकळा झाला. असं त्याने पहिल्यांदाच केलं होतं असंही नाही.

"माझ्या भावाची सही आहे ती," शेजारी बसलेली ताई पुढच्या बाईला कौतुकाने सांगत होती.

ताईची मुलगी बारकी नऊ वर्षांची. तिला फिट्स यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकही आली नव्हती.

घरी जाताना ताई म्हणाली, "आजपासून तिच्या गोळ्या बंद."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं? डॉक्टरांना तरी विचार."

"तुझा महाराजांवर विश्वास नाही, ठाऊक आहे मला. पण वेळ अचूक आहे असं तूच लिहिलंस ना?"

"हो."

"बघून लिहिलंस ना?"

इथे खरं सांगायचं होतं. एवढंच करायचं होतं त्याने.

"हो," तो म्हणाला.

सोमवारी सकाळी तो दुकानात गेला. मोबाइलवर अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती, यंत्रावर दहा वीस. बावन्न मिनिटं मागे.

"आठ वर्षांत कुणी हात लावला नाही त्या घड्याळाला," केमिस्ट म्हणाला. "रोज थोडं थोडं मागे पडत असणार. पण माझ्या बिलावरची वेळ बरोबर असते. महाराज आले ते सात वाजून दोन मिनिटांनी."

"मग बोलला का नाहीत?"

"मला विचारलं कुणी?"

सहा दहा आणि बावन्न, सात वाजून दोन. प्रवचन साडेसहाला संपतं. महाराज उठले, पायी पायी दुकानात गेले, संपला चमत्कार. कोडं सुटलं होतं आणि फुटेजवाला गप्प बसला. एक फॉर्म खोटा म्हटला की वकील सगळेच खोटे म्हणणार, नोकरीवर येणार. उद्या सांगू म्हणत बुधवार गेला. रोज तो फोनवर विचारायचा, "गोळी दिलीस?" ताई म्हणायची, "तूच तर सही केलीस." मग हा फोन ठेवायचा.

गुरुवारी बारकीला वर्गात फिट आली. बाई शहाण्या, त्यांनी तिला कुशीवर वळवलं आणि रुग्णवाहिका बोलावली. डॉक्टर ताईला म्हणाले, "या गोळ्या अशा एकदम बंद करायच्या नसतात." बारकीची जीभ चावली गेली होती, तिला नीट बोलता येत नव्हतं. त्या खाटेशेजारी उभं राहून फुटेजवाल्याने सगळं सांगितलं.

"सोमवारपासून माहीत होतं तुला?" ताईने विचारलं.

"हो."

हे 'हो' तेवढं खरं होतं, पण त्याचा आता काय उपयोग.

शुक्रवारी तो ठाण्याच्या इन्स्पेक्टर मॅडमसमोर उभा राहिला. त्यांनी त्याचा जबाब लिहून घेतला आणि म्हणाल्या, "चौकशी होईल. तोवर तुझे वर्षभराचे फॉर्म तूच पुन्हा तपासायचे."

शनिवारच्या प्रवचनाला तो साडेसहापर्यंत पहिल्या रांगेत बसला, मग दुकानात जाऊन सात दोनला हात वर करून उभा राहिला. रविवारी केमिस्टच्या परवानगीने ते रेकॉर्डिंग घेऊन तो सभागृहात आला आणि माइक मागितला. सहीवाला भाऊ म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? पडद्यावर फुटेजवाला दिसला, हात वर, वेळ सहा दहा.

"काल सहा दहाला मी कुठे होतो?"

"इथेच, माझ्या शेजारी," पहिल्या रांगेतली बाई म्हणाली.

"म्हणजे मीही महाराज झालो," तो म्हणाला. कुणीतरी हसलं. मग त्याने यंत्राच्या आणि मोबाइलच्या वेळेचा एकत्र फोटो दाखवला. "दुकानाचं घड्याळ बावन्न मिनिटं मागे आहे. चमत्कार महाराजांनी केला नाही, मी केला, न बघता सही करून. माझी भाची त्यापायी दवाखान्यात आहे. कुणी गोळ्या बंद केल्या असतील त्यांनी आजच डॉक्टरांना गाठा. आणि सही कुणाचीही असो, पोलिसांची असो, भावाची असो, घड्याळ स्वतः बघा."

मागून केमिस्ट उठला. "महाराज, तुम्ही हात वर केलात तो वरच्या फळीकडे. काय घेतलंत ते तुम्हीच सांगा."

त्या दिवशी मौनी महाराज नावाला जागले.

बारकी दोन दिवसांनी घरी आली. संध्याकाळी ताई हातात गोळी घेऊन उभी होती. "किती वाजले?"

"आठ," फुटेजवाला मनगटाकडे बघून म्हणाला.

ताई स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरचं घड्याळ बघून आली, आणि मग तिने बारकीला गोळी दिली.