क्लेमची डिझेल गाडी

मी गाडी आणि तिच्यामागे ओढायची कॅरॅव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर, विकायला काढली आणि लवकरच लक्षात आलं, की बघायला जोडपं येतं, पण गाडी बघतो एकटा नवरा. बायको सरळ कॅरॅव्हॅनमध्ये चढते, कपाटं उघडते, गादी दाबून बघते. आमचंही तसंच होतं. गाडी क्लेमने निवडली होती, पडदे मी.

कॉलिन आणि लिनेट शनिवारी सकाळी आले, थेट ॲडलेडहून. दोघं नुकतीच निवृत्त झालेली. घर भाड्याने दिलेलं, आणि आता दोन-तीन वर्षं कॅरॅव्हॅन ओढत देश बघायचा म्हणून निघालेली. आमच्या पोर्ट ऑगस्टात अशी जोडपी पैशाला पासरी. पश्चिमेला जायचं तर आमच्याच पुलावरून जावं लागतं.

कॉलिनने आल्या आल्या चारही चाकांना लाथ मारली. त्यातून काय कळतं देव जाणे, पण पुरुष मारतात. मग बॉनेट उघडून त्याने बराच वेळ आत डोकं घातलं.

"डिझेलच हवं," आतूनच म्हणाला. "मागे एवढं धूड लावलं, की पेट्रोलची गाडी पाण्यासारखं तेल पिते. आणि तिकडे ओसाडीत पंपावर एक वेळ पेट्रोल संपलेलं असेल, डिझेल असणारच. ट्रकवाल्यांना लागतं ना."

"हो का," लिनेट कॅरॅव्हॅनच्या खिडकीतून म्हणाली. माझा पडदा तिच्या हातात होता. "किती छान आहेत हो. तुम्ही शिवलेत?"

"मीच. तुमच्यात गाडी कोण चालवणार?"

"मी," कॉलिन म्हणाला.

"तुम्हाला नाही विचारलं."

लिनेट हसली. "तोच चालवणार. मला कुठलं जमतंय बाई! मी आपली नकाशा बघणार आणि सँडविच देणार."

हेच वाक्य मी वर्षानुवर्षं लोकांना हसून सांगायची.

क्लेम वाईट नव्हता. मला कशाला हात लावू देत नसे, हेच त्याचं प्रेम. 'तू बस गं, नोलीन, हात काळे होतील.' कॅरॅव्हॅन जोडणार तो, सोडणार तो, पाणी भरणार तो. एका सकाळी नलारबरच्या ओसाड मैदानात, रस्त्याकडेच्या मुक्कामावर, चहा पिता पिता त्याच्या छातीत कळ आली. फोनला रेंज नव्हती. गाडी समोर उभी होती, टाकी डिझेलने भरलेली होती, किल्ली माझ्या मुठीत होती. पण तो दगडासारखा क्लच मला तळापर्यंत दाबता येईना, आणि मागचं धूड सोडवायचं कसं ते मला कोणी दाखवलंच नव्हतं. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले. दोन्हीकडे सरळ, रिकामा रस्ता. ट्रक आला तोवर क्लेम गेला होता. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावते.

पुढे मी सगळं शिकले. गावाबाहेरच्या मैदानात खुणेला बादल्या मांडून, दात-ओठ खात शिकले. आता मी कॅरॅव्हॅन जोडते, सोडते, मागेही घेते. पण जायचं कोणाबरोबर? म्हणून विकायला काढली.

"गाडी देते," मी कॉलिनला म्हटलं. "पण आधी लिनेटने कॅरॅव्हॅन जोडायची आणि एक चक्कर मारून यायची."

"हे काय भलतंच? पैसे मी देणार आहे ना?"

"द्या की. चक्कर ती मारेल."

"अहो, तिचा गुडघा दुखतो."

"गुडघा तिचा आहे. तिला बोलता येतं."

लिनेटने आमच्या दोघांकडे पाहिलं आणि पडदा सोडला. "मारते," ती म्हणाली, पण आवाज बारीक झाला होता.

जोडताना कॉलिन सारखा पुढे पुढे करत होता. शेवटी त्याच्या हातात चहाचा मग देऊन मी त्याला फुटपाथवर पिटाळलं. लिनेट दुखऱ्या गुडघ्यावर बसली, कॅरॅव्हॅनचा दांडा गाडीच्या हुकावर खाली घेतला, साखळ्या अडकवल्या, दिव्यांची वायर लावली. एकेक गोष्ट मी सांगितली, हात मात्र तिचेच लागले. उठली तेव्हा दोन्ही तळवे काळे झाले होते. ती जरा वेळ त्यांच्याकडे बघत राहिली, मग तशीच स्टिअरिंगला बसली. मी शेजारी.

पहिल्याच चौकात गाडी बंद पडली. मागून हॉर्न वाजायला लागले. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. क्लच दाबायला ती सीटवरून अर्धी उठत होती.

"वाजवू देत," मी म्हटलं. "त्यांना कुठे आग विझवायला जायचंय?"

तिसऱ्या वेळी गाडी निघाली. खाडीकाठी मोकळी जागा बघून तिने थांबवली आणि गुडघा चोळायला लागली.

"हे सगळं कशासाठी हो?" तिने विचारलं. "काहीतरी असणार."

मी सांगितलं. मैदान, किल्ली, रिकामा रस्ता, सगळं सांगितलं.

"कॉलिनचे वडील हृदयविकारानेच गेले," ती म्हणाली. "भाऊही. तो बोलत नाही त्याबद्दल. गोळ्या बाथरूमचं दार लावून घेतो. त्याला वाटतं, मला माहीत नाही." तिने डोळे पुसले, आणि गालावर काळा डाग पडला. "चला, परत जाऊ."

परतीच्या वाटेवर आणखी दोनदा बंद पडली. आमची गल्ली आली, तर कॉलिन कोपऱ्यावर, थेट रस्त्याच्या मध्ये उभा. चहाचा मग अजून हातात होता, आतला चहा कधीच निवला असणार. गाडी दिसताच त्याने मोकळा हात उंच करून हलवला. मला खाली बघावं लागलं.

"कुठे होतात तुम्ही?" तो खिडकीशी धावत आला. "फोन करतोय तर फोन इथेच वाजतोय, तुझ्या पर्समध्ये! मला वाटलं..."

लिनेट लंगडत खाली उतरली. "कॉलिन, ही मला झेपत नाही. रानात कुठे तुला काही झालं, तर हिच्यातून मी तुला नेऊ शकणार नाही."

"मला काय धाड भरलीय?"

ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, गालावर तो काळा डाग घेऊन. कॉलिनने हातातला मग बॉनेटवर ठेवला, हाताने बॉनेट उगाच जरा पुसल्यासारखं केलं.

"इंजिन चांगलं आहे," तो म्हणाला. "हे डिझेल अजून दहा वर्षं मरायचं नाही."

खाडीवरून वारा येत होता. कॉलिनने बॉनेटवरचा हात काढला.

"बरं," तो म्हणाला. "मग तुला कोणती झेपेल?"

"पेट्रोलची चालेल. क्लच नसलेली. आणि कॅरॅव्हॅन याच्या निम्मी."

"पेट्रोल फार खाईल, लिन. सारखं थांबावं लागेल."

"थांबू की."

जाताना त्यांची गाडी लिनेटने चालवली. कॉलिन शेजारी बसला, मांडीवर नकाशा घेऊन, नको तिथे हात दाखवत. निघताना ती मला म्हणाली, "तुमचं गिऱ्हाईक गेलं हो." मी म्हटलं, जाऊ दे.

मग मी एकटीने कॅरॅव्हॅन सोडली. वायर काढली, साखळ्या सोडवल्या, दांडा वर घेतला. हात काळे झाले. तशीच पायरीवर बसले आणि खूप रडले.

एवढंच विचारायचं होतंस रे, क्लेम. तुला कोणती झेपेल, एवढंच.